वाढलेले बारा किलो नेमके कुणाचे?

गरोदरपणात साधारण साडेबारा किलो वजन वाढतं आणि बाळ जन्मतं सव्वातीन-साडेतीन किलोचं. मग उरलेले नऊ किलो गेले कुठे? सातव्या-आठव्या महिन्यात आरशासमोर उभं राहिल्यावर हा प्रश्न बहुतेकींना पडतो आणि उत्तरही त्या स्वतःच देऊन मोकळ्या होतात, "चरबी, दुसरं काय!" हे उत्तर दोन तृतीयांश चूक आहे.

हिशेब मांडूनच बघू. धडधाकट बाई, पूर्ण दिवस भरलेले, वाढलेलं वजन १२.५ किलो. त्यात बाळ ३.४ किलो. वार ६५० ग्रॅम. बाळ ज्यात तरंगतं ते गर्भजल ८०० ग्रॅम. गर्भाशय एरवी मुठीएवढं, शंभर ग्रॅमही न भरणारं; ते जवळजवळ एक किलोने वाढलेलं असतं. स्तन ४०० ग्रॅम. आईचं रक्त सुमारे १ किलो ४५० ग्रॅमने वाढतं. पेशींच्या बाहेर साठलेलं पाणी, म्हणजे संध्याकाळी चपला घट्ट करतं तेच, दीड किलोच्या आसपास. आणि चरबी? ३ किलो ३५० ग्रॅम. बाळाच्या वजनाएवढीच.

ही चरबीही आळसाने चढलेली नसते. शरीर ती मुद्दाम साठवतं आणि साठवायची वेळही ठरलेली असते. बहुतेक चरबी तिसऱ्या ते सातव्या महिन्यात साठते, बाळ अजून लहान असतं तेव्हा. विसाव्या आठवड्यात बाळ जेमतेम ३०० ग्रॅमच्या घरात असतं. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ते एक किलोवरून तीन किलोंच्या पुढे जातं. तेव्हा आणि त्यानंतर अंगावर पाजताना जी शिल्लक लागणार, ती शरीर आधीच बाजूला काढून ठेवतं. पगार झाल्या दिवशी घरभाड्याचे पैसे वेगळे काढावेत तसं.

म्हणून "किती वाढलं?" एवढंच विचारून भागत नाही. काय वाढलं आणि कधी वाढलं, हेही विचारावं लागतं.

दोघांचं खायचं म्हणजे किती?

"आता दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." हे ऐकल्याशिवाय कुणाचे नऊ महिने गेले असतील असं वाटत नाही. सांगणाऱ्याची माया खरी असते, हिशेब मात्र साफ चुकलेला असतो.

पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या आकड्यांनुसार दुसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे ४५० कॅलरी जास्त लागतात. ब्रिटनमध्ये तर शेवटच्या तीन महिन्यांतच २०० कॅलरी वाढवा, एवढंच सांगतात. देशोदेशीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दुप्पट खा असं कुणीही म्हणत नाही.

३४० कॅलरी ताटात कशा दिसतात? एक ग्लास साय न काढलेलं दूध, एक मोठं केळं, एक उकडलेलं अंडं. झालं. तिसऱ्या तिमाहीत यातच छोटी मूठभर शेंगदाणे टाका, ४५० भरल्या. इतक्या कॅलरींसाठी दुसरं ताट वाढून घ्यावं लागत नाही. सकाळ-दुपारच्या मधलं एक खाणं पुरतं.

खरी गोम पुढे आहे. रोज दोन हजार कॅलरी खाणाऱ्या बाईची गरज दुसऱ्या तिमाहीत सहाव्या हिश्शानेच वाढते. पण लोह, फोलेट, आयोडीन आणि प्रथिनं यांची गरज होते दीडपट! लोह दिवसाला १८ मिलिग्रॅमवरून २७ वर जातं, फोलेट ४०० मायक्रोग्रॅमवरून ६०० वर आणि प्रथिनं ४६ ग्रॅमवरून ७१ वर. पोटातली जागा थोडीशीच वाढवायची आणि त्यात दीडपट माल बसवायचा, असा हा खेळ आहे. तिथे पोकळ कॅलरींना जागाच उरत नाही. अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुमारे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी असतात. त्या दिवशीच्या जास्तीच्या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग त्या बाटलीने खाल्ला आणि लोह, फोलेट, प्रथिनं यांतलं काहीच दिलं नाही. दूध-केळं-अंडं-शेंगदाण्यांनी तेवढ्याच जागेत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दिली. फरक आहे तो इथे. एखाद्या दिवशी बाटली प्यायली म्हणून काही बिघडत नाही; रोजची सवय लागली की बिघडतं.

अंडी-मांस-मासे न खाणाऱ्यांनी डाळी, कडधान्यं, सोयाबीन, दूध, दही यांवर भर द्यावा. दूधही न घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांशी आवर्जून बोलावं, कारण ते वनस्पतींतून जवळपास मिळतच नाही.

मग माझं किती वाढायला हवं?

हे दिवस जाण्याआधीच्या वजनावर ठरतं. किलोमधलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. जो आकडा येईल तो बीएमआय. उंची १.५५ मीटर आणि वजन ५५ किलो असेल तर बीएमआय २२.९.

इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेली मोजपट्टी आजही जगभर सर्वांत जास्त वापरली जाते. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो वाढावं. १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा. २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा. ३० किंवा त्याहून जास्त असेल तर पाच ते नऊ. जुळं असेल तर गणित वेगळं. नेहमीच्या बीएमआयच्या बाईचं तेव्हा १७ ते २५ किलो वाढणं अपेक्षित असतं.

म्हणजे बाई जितकी बारीक, तितकं जास्त वाढायला हवं. ऐकायला उलटं वाटतं, पण आधीचा साठा किती आहे त्यावर नवा किती भरायचा हे ठरणार, इतकं साधं आहे. एक लक्षात ठेवायचं, ही पट्टी मुख्यतः अमेरिकेतल्या बायकांच्या माहितीवरून आखलेली आहे. आशियाई शरीरात मधुमेहासारखे धोके कमी बीएमआयलाच सुरू होतात, त्यामुळे २३-२४ बीएमआय असलेल्या बाईला डॉक्टरांनी जरा हात आखडून आकडा दिला तर नवल नाही.

एकूण आकड्यापेक्षा मी वेगाकडे जास्त बघायला सांगेन. पहिल्या तिमाहीत अर्धा ते दोन किलो, तेही नाही वाढलं तरी चालतं. त्यानंतर मध्यम बीएमआयच्या बाईचं आठवड्याला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, वजन जास्त असलेल्या बाईचं पावणेतीनशेच्या आसपास. महिन्याला साधारण पावणेदोन किलोची सरळ चढती रेघ उमटत असेल तर निवांत राहावं.

आणि मोजायचं नीट. माझ्या पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात दवाखान्यातल्या काट्यावर एका आठवड्यात दीड किलो वाढ दिसली आणि मी रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला: मागचं वजन सकाळी उपाशीपोटी, घरच्या काट्यावर, हलक्या गाऊनमध्ये घेतलेलं. हे घेतलं संध्याकाळी, जेवून, जाडजूड कपड्यांत आणि सँडल घालून! तेव्हापासून आठवड्यातून एकच दिवस, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. रोज काट्यावर चढणं म्हणजे फुकटची धास्ती. पाण्यामुळे आकडा दिवसाला अर्धा-एक किलो सहज हलतो.

कमी वाढलं तर, जास्त वाढलं तर

कमी वाढीचं नुकसान बाळाच्या वजनात दिसतं. बाळ कमी वजनाचं होण्याची आणि दिवस भरायच्या आत जन्मण्याची शक्यता वाढते. जास्त वाढीत बाळ चार किलोंच्या पुढे जाण्याची, प्रसूती अडण्याची, सिझेरियनची शक्यता वाढते आणि बाळंतपणानंतर वजन अंगावर राहून जातं.

गंमत म्हणजे वैद्यकानेच या बाबतीत दोन्ही टोकं गाठून पाहिली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लुडविग प्रोकोव्हनिक नावाच्या डॉक्टरने अरुंद कटीच्या बायकांना शेवटच्या महिन्यांत तुटपुंजा आहार द्यायला सुरुवात केली, बाळ लहान व्हावं आणि सुटका सोपी व्हावी म्हणून. सिझेरियन म्हणजे जिवाशी खेळ होता तेव्हा, त्यामुळे विचार अगदीच वेडगळ नव्हता. पण कारण संपलं तरी सवय राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत कितीतरी डॉक्टर बाईचं वजन सात ते नऊ किलोंपलीकडे वाढू देत नसत. कमी खाल्लं की गरोदरपणातला रक्तदाब टळतो, अशी समजूत होती. लहान बाळांच्या मृत्यूंशी याचा संबंध असावा हे ध्यानात आल्यावर १९७० मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी मर्यादा वर नेली.

त्याहून भेदक धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात नाकेबंदीमुळे उपासमार झाली, माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. ज्यांच्या आयांचे शेवटचे महिने त्या हिवाळ्यात गेले, ती बाळं कमी वजनाची जन्मली. ज्यांच्या आयांचे सुरुवातीचे महिने उपासमारीत गेले आणि मग अन्न मिळालं, ती बाळं जन्मताना नेहमीच्याच वजनाची होती. पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे जन्माच्या वेळी काट्यावर सगळं ठीक दिसलं तरी आत काही ठरून गेलेलं असू शकतं.

म्हणून गरोदरपणात वजन उतरवण्यासाठी डाएट करायचं नाही. वेग जास्त असेल तर साखर, तळण, गोड पेयं कमी करून वेग आणायचा जागेवर, बस्स. आकडा खाली आणायचा प्रयत्न नको.

सुरुवातीचे महिने

पुस्तकातला समतोल आहार आणि नवव्या आठवड्यातलं पोट यांची गाठच पडत नाही. मळमळ साधारण याच सुमारास टोकाला असते आणि बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. या काळात जे पोटात राहील ते खावं. उठल्या उठल्या अंथरुणातच काहीतरी कोरडं, मग दर दोन तासांनी थोडं थोडं. पोट रिकामं राहिलं की मळमळ जास्त. बाळ या वेळी इतकं छोटं असतं की महिनाभराच्या अर्धवट जेवणाने त्याचं काही अडत नाही. पण पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल किंवा आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर ते साधे डोहाळे नव्हेत. सलाइन लागू शकतं, डॉक्टरांकडे जावं.

या महिन्यांतली खरी घाई फोलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटच्या गोळीतल्या रूपाची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची. आधीच्या बाळाला ही नळी नीट न मिटण्याचा दोष असलेल्या बायकांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेतल्या फोलिक ॲसिडमुळे तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. एका स्वस्त गोळीने एवढं काम केल्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत.

लोहाची गोळी आणि चहाचा कप

वर आईचं रक्त वाढतं म्हटलं. त्यातला पाण्याचा भाग जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र पाव हिश्शाच्या आसपास. म्हणून रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन थोडं उतरतं. ते नैसर्गिक आहे. ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. संपूर्ण गरोदरपणात एकूण सुमारे एक ग्रॅम लोह जास्तीचं लागतं आणि तेवढं नुसत्या जेवणातून मिळणं अवघड. म्हणून गोळी.

गोळी सगळ्याच घेतात, पण कशी घेतात? नाश्त्यानंतर, चहाच्या घोटाबरोबर, पाठोपाठ कॅल्शियमची गोळी. म्हणजे गोळी घेतली आणि वायाही घालवली. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात, कॅल्शियम त्याच्या वाटेत उभं राहतं. लोह घ्यावं लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर, चहापासून तास-दोन तास लांब. कॅल्शियम दिवसाच्या दुसऱ्या टोकाला. शौचाला काळं होईल, घाबरू नये. बद्धकोष्ठ होईल, कारण गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने आतडी आधीच सुस्तावलेली असतात. पाणी आणि चोथा वाढवावा, तरी त्रास होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता बदलून मागावी. आणि माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजू नका, सांगा. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते.

चहा-कॉफी सोडायची गरज नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहावं, म्हणजे कॉफीचे जास्तीत जास्त दोन मग. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. घरात दुसऱ्याने ओढलेला धूरही मोजायचा. न तापवलेलं दूध, कच्चं मांस, कच्ची अंडी नकोत, भाज्या-फळं नीट धुवावीत. शार्क आणि स्वोर्डफिशसारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, ते टाळावेत. बाकीचे मासे शिजवून खावेत, चांगलेच असतात.

साखर आणि सूज

गरोदरपणातला मधुमेह म्हणजे "गोड खाल्ल्याची शिक्षा" नव्हे. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी करतात, म्हणजे साखर आईच्या रक्तात जास्त वेळ राहते आणि बाळाला मिळते. सगळ्यांच्याच बाबतीत हे होतं. ज्यांचं स्वादुपिंड त्या मानाने इन्शुलिन वाढवू शकत नाही, त्यांची साखर चढते. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पाजून तपासतात ते यासाठीच, आणि बारीक बाईनेही ती तपासणी टाळू नये.

पायांना संध्याकाळी येणारी सूज ही त्या दीड किलो पाण्याची. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, दोन-चार दिवसांत वजन किलो-दोन किलोने उडी मारून चढलं, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे चमकू लागलं किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर जेवणात चूक शोधत बसू नये. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. १४०/९० च्या वर रक्तदाब असेल तर ते प्रकरण वेगळं आहे आणि त्याला थांबायला वेळ नसतो.

हालचाल आणि झोप

डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल साखरेसाठी विशेष चांगली. "घरकाम करते ना, तोच व्यायाम" हे वाक्य मला पटत नाही. ओट्यापाशी दोन तास उभं राहून पाय सुजतात आणि कंबर भरून येते. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, दिवस भरायच्या आत कळा येत असतील तर मात्र विश्रांतीबद्दल विचारूनच ठरवावं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर, कारण पाठीवर झोपल्यावर जड गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं. मध्येच पाठीवर जाग आली तर कूस बदलून पुन्हा झोपा.

बाळंतपणानंतरचा काटा

बाळ, वार आणि गर्भजल यांचं मिळून पाच किलोंच्या आसपास वजन त्याच दिवशी जातं. साठलेलं पाणी पुढच्या काही दिवसांत लघवी आणि घामावाटे. पहिल्या रात्री अंथरूण भिजतं ते त्यामुळे. गर्भाशय सहा आठवड्यांत मुठीएवढं होतं, वाढलेलं रक्तही ओसरतं. बाकी राहते ती साठवलेली चरबी. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज दूध बनवायला सुमारे ५०० कॅलरी लागतात, काही जेवणातून आणि काही याच साठ्यातून. पहिल्या महिन्यात जुना ड्रेस अंगात गेला नाही, तर तो कपाटात मागे सरकवून ठेवा.